निंबाची रातपाळी

निंबा शुद्धीवर असला की सगळ्या जगाला अरे-तुरे करायचा आणि प्यायला की सगळ्या जगाला अहो-जाहो.

सगळ्या जगाला म्हणजे खरोखरच सगळ्या. शुद्धीवरचा निंबा आपल्या शेठला 'तू' म्हणे, शेठच्या बापाला 'तू' म्हणे. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तर त्याने पहिल्याच भेटीत खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, "तू कोठला रे भाऊ?" मुख्याध्यापक चांगले टाय लावणारे गृहस्थ. ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यात भर म्हणजे निंबाचा आवाज. दिवसभर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहून त्याला ओरडूनच बोलायची सवय लागलेली. "मीठ दे" एवढं म्हणाला तरी आमच्या शेजारच्या मंजुळाबेन गॅलरीत येऊन बघायच्या, भांडण कुणाचं लागलंय ते.

पण वर्षाकाठी एखाद्या वेळी पोटात पोटली गेली, की हाच माणूस असा मऊ होई की ओळखू येऊ नये. पोटली म्हणजे पिशवीतली दारू. गुजरातेत दारूबंदी असली तरी ती कुठे मिळते हे सगळ्यांना ठाऊक असे. ती प्यायल्यावर निंबाचा आवाज खाली यायचा, पाठीत बाक यायचा आणि तोंडातून चक्क छापील मराठी बाहेर पडायचं. "आपण", "कृपया", "तसदी", "क्षमस्व". एकदा त्याने विजेच्या खांबाला धक्का लागला म्हणून खांबाची माफी मागितली होती, आणि वर "आपल्याला लागलं तर नाही ना?" असं विचारून उत्तरासाठी थांबलाही होता.

ही भाषा कुठून आली, ते सुरतेत फक्त मला माहीत होतं. आम्ही दोघं अमळनेरकडच्या एकाच गावचे, एका बाकावरचे. सातवीत गॅदरिंगच्या नाटकात निंबा प्रधानजी झाला होता. वाक्य एकच, पण पठ्ठ्याने तालमींत ऐकून सगळ्यांची भाषणं पाठ केली. नाटकाच्या रात्री राजा अडखळला, तर प्रधानजींनीच राजाचं भाषण म्हणून टाकलं. पुढे मी डी.एड. करून सुरतेच्या महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर झालो आणि निंबा लूमवर लागला. शाळा त्याने सातवीनंतरच सोडली होती. नाटक मात्र पोटात राहिलं असावं, आणि दारू गेली की ते वर तरंगत असावं.

नव्वदीच्या दशकातली ती वर्षं. मी उधन्याच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचो, निंबा नवागामला. त्याची बायको-मुलं गावाला म्हाताऱ्यांजवळ. आखाजीला आणि दिवाळीला तो जाऊन येई. बाकी वर्षभर त्याला घर म्हणून आमचंच. लूमच्या कारखान्याला तिकडे खातं म्हणतात. त्याच्या खात्याला आठवड्यात एक दिवस वीज बंद असे. त्या दिवशी निंबा सकाळी सकाळी आमच्या दारात उभा.

"मी बठत नही हां. माले टाईम नही."

असं म्हणून तो जो बसायचा, तो दिवेलागणीला उठायचा. मधल्या वेळात जेवायचा, पेपर वाचायचा, माझ्या मुलींच्या वेण्या कशा तिरक्या आल्यात ते माझ्या बायकोला, सुमनला सांगायचा आणि एकेका विषयावर मत द्यायचा. मत देण्याआधी त्याचं एक ठरलेलं वाक्य असे, "आपलं काही म्हननं नही, पन..." त्या 'पन'नंतर अर्धा तास जायचा. आमच्या घराच्या रंगाबद्दल, वरणातल्या हिंगाबद्दल, सरकारबद्दल, माझ्या सायकलच्या सीटबद्दल त्याचं काही म्हणणं नसे.

आणि सगळ्यांत जास्त म्हणणं नसे ते त्याच्या रातपाळीबद्दल.

"मनी रातपाळी लई तरास देस रे मास्तर. आज उठतच नव्हती."

सुमनने हे आतून ऐकलं. मग पुन्हा कधीतरी ऐकलं, "रातपाळीनं उशी तेलकट करी ठेवी." पुढच्या खेपेला, "रातपाळी बिमार शे, आज तिनासाठे केळी ली जास." बरेच दिवस मनात ठेवून शेवटी तिने एका रात्री मला दबक्या आवाजात विचारलं, "अहो, निंबाभावजींनी इथे कुणी बाई ठेवलीय का?"

मला हसू आवरेना. रातपाळी म्हणजे बाई नव्हे, बाप्या होता. ओरिसातला लूम-कामगार. निंबाची आणि त्याची खोली एक, आणि त्या खोलीत खाट एक. निंबा दिवसपाळीला, तो रातपाळीला. हा उठला की तो झोपायचा, तो उठला की हा. सुरतेत अशी हजारो माणसं राहतात, त्यात नवल काही नाही. खाती दोघांची वेगळी, वेळा थोड्या पुढेमागे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ चहापुरती गाठ पडे. बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत. निंबाने त्याला कधी नावाने संबोधलेलं मी ऐकलं नव्हतं. तो 'रातपाळी', आणि स्त्रीलिंगी शब्द म्हणून 'ती'.

या रातपाळीचे गुन्हे मला पाठ झाले होते. ती रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खाते. तिच्या डोक्याचं तेल उशीला लागतं. ती झोपेत गाणं म्हणते, असं खोलीमालक सांगतो. ती चपला अशा सोडते, की एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. सुट्टीच्या दिवशी दोघंही रिकामे आणि खाट एकच, तेव्हा ती घोरत पडते, म्हणून निंबाला माझ्याकडे यावं लागतं.

"आपलं काही म्हननं नही," निंबा कपाळाला हात लावून म्हणे, "पन मानूस नही तो. एक दिन ती जाई, तव्हय मी खाटवर आडवातिडवा झोपसू."

त्या वर्षी जानेवारीत सुरतेला बऱ्यापैकी थंडी पडली. सुरतेची थंडी म्हणजे तीन-चार दिवसांची पाहुणी. तेवढ्यासाठी लोक पेटीतून माकडटोप्या काढतात. सुमन मुलींना घेऊन भावाच्या मुलाच्या बारशाला माहेरी गेली होती. घर शांत होतं. अशी शांतता मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती, आणि मी तिचा पुरेपूर उपभोग घ्यायचं ठरवलं होतं. कुकरला मुगाची खिचडी लावली. रेडिओवर हळू आवाजात गाणी. पायात मोजे. खिडक्या बंद. तपासायच्या वह्या मुद्दाम पिशवीतच ठेवलेल्या. पाय वर घेऊन मी खुर्चीत बसलो आणि खालून आरोळी आली.

"मास्तर! ओ मास्तर!"

गॅलरीत गेलो. खाली नाक्यावरचा पानवाला हसमुख उभा.

"तमारो भाईबंध नाका पर भेंस साथे वात करे छे."

माझा मित्र नाक्यावर म्हशीशी बोलतोय म्हणजे तो कोण आणि कुठल्या अवस्थेत, हे विचारायची गरज नव्हती. गॅस बंद केला, मफलर गुंडाळला, सायकल काढली. काळजी वेगळीच होती. गुजरातेत नुसत्या वासावर माणसाला आत टाकतात. निंबा एकदा आत गेला, की खात्यातून नाव कटलं. गावाकडे बातमी जायला रात्रीची बसही लागत नाही. आणि त्याच्यासोबत मी, महापालिकेच्या शाळेचा मास्तर. माझ्याबद्दल मुख्याध्यापकांचं काय म्हणणं पडलं असतं, ते सांगायला नको.

नाक्यावर पोचलो तर निंबा नालीच्या कडेला हात जोडून उभा. समोर एक धिप्पाड म्हैस रस्ता अडवून रवंथ करत होती.

"नाही, नाही, आपण आधी," निंबा तिला म्हणत होता. "आम्हाला घाई नाही."

"निंबा!"

तो वळला. मला पाहून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच ओशाळला.

"गुरुजी! आपण कशाला तसदी घेतलीत? एवढ्या थंडीत? कानाला मफलर नीट बांधा बरं."

"चल घरी."

"या बाईंना जाऊ द्या, मग निघू."

बाईंनी शेपूट हलवलं आणि बाजूला झाल्या. निंबाने तिचे आभार मानले. मी म्हटलं, सायकलवर मागे बस. तर नाही. आपण चालवणार आणि मी बसणार, हे शोभत नाही, म्हणे. शेवटी सायकल मध्ये धरून, एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने सीटला लटकलेला निंबा, अशी आमची वरात निघाली. वाटेत त्याने एका बंद दुकानाच्या शटरला "शुभ रात्री" म्हटलं. मी मान खाली घालून चालत होतो. चौकी मागे गेली आणि मला हायसं वाटलं, तोच पुढच्या वळणावर टॉर्चचा झोत तोंडावर आला.

हवालदार. सायकलवरच, एक पाय जमिनीवर टेकून.

"शुं छे? आने शुं थयुं?"

"तबियत सारी नथी, साहेब," मी म्हटलं. "ताव छे. घेर लई जाउं छुं."

निंबा सीट सोडून सरळ उभा राहिला. म्हणजे त्याच्या मते सरळ.

"साहेब, क्षमा असावी," तो म्हणाला. "हे आमचे गुरुजी फार सज्जन आहेत. माझ्यासाठी ते खोटं बोलत आहेत. मला ताप नाही. मी घेतलेली आहे. दोष सर्वस्वी माझा, यांना काही विचारू नये, ही विनंती."

एक आशा होती, की हवालदाराला हे मराठी कळणार नाही. मी घाईने म्हटलं, "ए एम कहे छे के माथुं दुखे छे."

हवालदार सायकलवरून उतरला. स्टँडवर लावली. जवळ येऊन त्याने निंबाच्या तोंडावर टॉर्च धरला, मग माझ्या. मग हळूच म्हणाला,

"गुरुजी, कोठला शेतस तुम्ही?"

अहिराणी! खानदेशचा निघाला. मला बसायला जागा असती तर मी तिथेच बसलो असतो. गाव सांगितलं. त्याचं गाव आमच्या गावापासून दोन कोसांवर. त्याने मान हलवली आणि निंबाकडे बघितलं. निंबा त्याला नमस्कार करून उभाच होता.

"हाऊ असंच बोलस का नेहमी?"

"नाही हो. एरवी बापालाही 'तू' म्हणतो."

हवालदाराला हसू आलं, पण त्याने ते मिशीत दाबलं.

"नोकरीम्हा मन्हासंगे इतलं गोड आजलगून कोन्ही बोलनं नही," तो म्हणाला. टॉर्च विझवला. "जा. सरळ घर ली जा. मागे जीप ई ऱ्हायनी, तिनाम्हा मन्हा साहेब शे. त्याले अहिराणी येत नही."

इतक्या वर्षांत मी सायकल एवढ्या जोरात ढकलली नव्हती. निंबा मागे वळून म्हणत होता, "आपले उपकार विसरणार नाही! घरी सर्वांना नमस्कार सांगा!"

घराच्या दारात पुन्हा नाटक. सुमन घरात नाही हे कळल्यावर निंबा उंबऱ्याबाहेरच थांबला.

"वहिनी नाहीत? मग मी आत येणं योग्य दिसणार नाही."

"मी आहे ना घरात!"

त्याने यावर विचार केला. "हो, आपण आहात," असं म्हणून आत आला. चपला काढून एकीला एक जोडून ठेवल्या. मी त्याला लिंबूपाणी दिलं, तोंड धुवायला लावलं, खिचडी वाढली. वर तूप घातलं. चार घास खाऊन तो थांबला. मी म्हटलं, झालं काय आज? पगाराचा दिवस नाही, सण नाही. कुणाबरोबर गेला होतास?

"एकटाच गेलो होतो. बनमालीराव आज गेले."

"गेले? कोण बनमालीराव?"

"माझी रातपाळी."

मला आधी भलतंच वाटलं. मग कळलं, तसं नाही. बनमालीचा थोरला भाऊ वारला होता. शेत, म्हातारी आई, भावाची मुलं, सगळं त्याच्यावर पडलं होतं. तो कायमचा गावी निघाला होता. गाडी दुपारची. निंबाला खात्यातून सुट्टी मिळाली नव्हती.

"सकाळी ते ट्रंक बांधत होते," निंबा ताटाकडे बघत म्हणाला. "मला म्हणाले, निंबाभाई, जाता हूं. मी म्हणालो, जा. खटिया खाली हुआ. एवढंच म्हणालो."

"बरं मग?"

"चांगलं काही बोलता आलं नाही, गुरुजी. शुद्धीत होतो ना."

रेडिओ अजून चालू होता, तो उठून बंद केला.

"मी खात्यावरून येतो तेव्हा ते उठतात," निंबा सांगायला लागला. जणू अजूनही तसंच चाललंय अशा थाटात. "ते चहा ठेवतात. मी हातपाय धुतो. चहा घेऊन ते निघतात आणि मी आधी थोडी पाठ टेकतो, मग भाकरीचं बघतो. पाय फार दुखतात हो दिवसभर उभं राहून. तर आडवं झालं, की गोधडी गरम असते. नुकताच माणूस उठलेला असतो ना. उन्हाळ्यात त्याचा राग येतो. पण या दिवसांत बरं वाटतं."

मी मान हलवली.

"मला पहाटेच जाग येते. पण मी उठत नाही. ते रात्रभर उभे राहून येणार. त्यांच्या चपला जिन्यात वाजल्या, की मग उठतो. म्हणजे त्यांनाही गरम मिळते."

"त्याला माहीत होतं हे?"

"छे. मी तर त्यांना रोज ओरडायचो, की तुझ्यामुळे माझी झोपमोड होते." त्याने पाण्याचा घोट घेतला. "आणि सुट्टीच्या दिवशी मी आपल्याकडे येतो. त्या दिवशीही त्यांना सलग झोपता यावं. रातपाळीच्या माणसाला दिवसा झोप कुठली लागते? पत्र्यावर ऊन असतं, पोरं ओरडतात. आपल्याला मात्र माझा फार त्रास झाला. क्षमा असावी."

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस "मी बठत नही" म्हणत दिवसभर आमच्याकडे का बसायचा, ते आज कळत होतं.

"आज घरी आलो," तो म्हणाला. "खोली त्यांनी झाडून ठेवली होती. उशीला नवा अभ्रा. आडवा झालो. गार होती हो गोधडी. एवढी गार मी कधी पाहिली नव्हती. मग उठलो आणि तिकडे गेलो."

ताट तसंच राहिलं. मी ते उचललं. बाहेरच्या खोलीत त्याच्यासाठी गादी घातली, चादर घातली, वर जाड गोधडी. म्हटलं, झोप आता. पहाटे मी उठवतो, खात्यावर वेळेवर जाशील.

निंबाने वाकून गोधडीवर हात ठेवला. मग हात काढून घेतला आणि भिंतीला टेकून बसला.

"आपण झोपा. मी बसतो जरा."

"बसतो काय? थंडी केवढी आहे."

"बसतो," तो म्हणाला. "माझी काळजी करू नये."

मी दोन वेळा सांगून पाहिलं. तो ऐकेना. त्याच्या डोळ्यांवर झोप उतरली होती, मान खाली जात होती, पण गादीकडे तो बघत नव्हता. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. मग काय वाटलं कोण जाणे, मफलर काढला, दिवा तसाच ठेवला आणि मीच त्या गोधडीत शिरलो.

निंबा भिंतीला टेकून बघत राहिला. गोधडी खरंच गार होती. मी पाय पोटाशी घेतले. अशा वेळी किती वेळ पडून राहायचं, मला माहीत नव्हतं. छताकडे बघत मी तसाच पडलो.

बऱ्याच वेळाने निंबा अगदी हळू म्हणाला, "गुरुजी, जरा भिंतीकडे सरा. ते त्या बाजूला झोपत."

मी सरलो.

पायाशी ऊब आली, मग पाठीला आली. मी उठलो आणि गोधडीची कड उचलून धरली. निंबा रांगत आत आला. मी पडलो होतो तिथेच, भिंतीकडे तोंड करून पडला. त्याने गोधडीखाली हात पसरला, जागा चाचपली आणि हात तिथेच राहू दिला.

मी दिवा घालवला. थोड्या वेळाने त्याचं घोरणं सुरू झालं. शेजारी मंजुळाबेनच्या गॅलरीतला दिवा लागला. कोण भांडतंय ते बघायला त्या आल्या असणार. मी दार किलकिलं करून त्यांना हातानेच खूण केली, की काही नाही, पाहुणा झोपलाय.